वेशीपर्यंत सांगू नको

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं, की परशुरामानं दोन बाण मारले. एक आमच्या सहस्रकुंडाला, तिथं खडक फुटून पैनगंगा हजार धारांनी खाली आली. दुसरा कोकणात, समुद्र मागं सरकवायला. पहिल्या बाणाची जागा त्यांनी चार वेळा पाहिली होती, कारण मी इस्लापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि तिथून धबधबा जवळच. दुसरी राहिली होती. माणूस पंचाहत्तरीला टेकला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पोथी मिटली की तोच विषय. शेवटी माझा धाकटा भाऊ व्यंकटी मला फोनवर म्हणाला, "ताई, तू रजा काढ, मी गाडी लावून देतो. एकदा दाखवून आण समुद्र, म्हंजे आपण सुटलो."

तो स्वतः आला नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मग मी, अण्णा, माय आणि गाडी चालवायला रामलिंग असे चौघं निघालो. रामलिंग आमच्याच गावचा, मुखेडपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. व्यंकटीच्या वर्गात होता. गाडी त्याचीच, आणि स्वभाव गरीब, म्हणून अण्णांचं निभलं. कारण अण्णांना रस्त्यात पडकी भिंत दिसली की गाडी थांबवायची असते. बुरूज पडलेला असो, देवळातला देव गेलेला असो, ते काठी टेकत जाणार, दगडाला हात लावून उभे राहणार आणि परत येऊन आम्हाला तो कोणत्या राजाचा ते सांगणार. निम्मं ठोकून देतात असा माझा संशय आहे.

चिपळूणचं परशुरामाचं देऊळ झालं, तिथून वेळणेश्वर. तिथं अण्णा समुद्राला नमस्कार करायला पाण्यात उतरले. हात जोडून, डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावानं. मागून लाट आली आणि धोतरासकट त्यांना खाली बसवून गेली. माय हसली. माझ्या मायला, कावेरीबाईला, नवऱ्यावर चारचौघांत हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर सोडून हसली. परतीच्या वाटेवर सोलापूरला मुक्काम केला तोवर ती गोष्ट तिनं रामलिंगला नऊ वेळा सांगितली होती. बिचारा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

नवव्या दिवशी सकाळी सोलापूर सोडलं. तुळजापूरच्या पुढं एका रसवंतीवर थांबलो. सव्वादहा वाजले होते. हातात रसाचा ग्लास होता आणि नरसिंगकाकांचा फोन आला. अण्णांचे धाकटे भाऊ.

"जया, गाडी कुठवर आली?"

"तुळजापूर सोडलं."

"जवळ कोन हाय?"

असं कोणी विचारलं की पुढं काय येतं ते मला माहीत आहे. अठरा वर्षं नोकरी केली आहे. मी रसवंतीच्या मागं चिपाडांच्या ढिगाकडं गेले.

"व्यंकटी गेला गं," काका म्हणाले. "सकाळी दूध घालून आला, छातीत दुखून राहिलं म्हनला. मुखेडला नेऊस्तोवर संपलं." मग म्हणाले, "दादा-वहिनीला सांगू नको. वेशीपर्यंत सांगू नको. वाटंत काई झालं तर तू एकली कुनाकुनाला सांभाळशील? दिस मावळायच्या आत आण. तवर ठेवतो."

मी हो म्हटलं. आमच्याकडं असंच करतात. लांबच्या माणसाला तब्येत बरी नाही, निघून ये म्हणतात, आणि खरं ते वेशीवर. दवाखान्यातही मी दुसरं काय करत आले? आत चादर तोंडावर ओढलेली असते आणि बाहेर मी बायकोला सांगते, पेशंट सिरीयस आहे, घरच्या मोठ्या माणसांना बोलवा. हे पुण्याचं काम आहे असंच मला वाटत होतं.

मला काहीच वाटलं नाही. उगीच खोटं कशाला सांगू. माझा अडतीस वर्षांचा भाऊ मेला होता आणि माझ्या जिभेवर रसाची गोडी होती, त्यात आलं जास्त पडलंय हेही कळत होतं. मी हिशेब केला, की सहा तासांचा रस्ता, साडेचारला गाव. मायशेजारी बसायचंय तर रडून चालणार नाही. नाहीतरी रडू येत नव्हतं.

रामलिंगला मागं बोलावून सांगितलं. तो चिपाडातच मटकन बसला. मी म्हटलं, "रामलिंग, गाडी तुला चालवायचीय." त्यानं रसवंतीवाल्याच्या पिंपातलं पाणी तोंडावर मारलं आणि काळा गॉगल लावला. माय म्हणाली, काय रे झालं? तो म्हणाला, "डोळ्यात चिपाड गेलं, मावशी."

अण्णांचा फोन मी काढून घेतला. गावच्या ग्रुपवर दुपारच्या आत हार घातलेला फोटो येणार, हे नक्की. "फोटोंनी भरलाय, रिकामा करून देते," असं सांगितलं. मायचा साधा फोन चिपळूणपासून बंदच होता, चार्जर घरी राहिला म्हणून. चला, तेवढं एक बरं झालं.

गाडी औशाकडं लागली तसे अण्णा म्हणाले, "खरोशाच्या लेण्या वाटंतच हायत."

"उशीर होईल, अण्णा."

"कशाचा उशीर? घरी काय लगीन हाय?"

रामलिंगनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. व्यंकटी आजारी आहे म्हटलं असतं तर सहा तास दोघं तीळतीळ मेली असती. नुसतंच नाही म्हटलं असतं तर अण्णांनी खोदून खोदून विचारलं असतं. आणि निलंगा-उदगीरवरून जायचं तर खरोसा खरंच वाटेवर होतं. पण हे सगळं नंतरचं. खरं सांगायचं तर माझ्या मनात एवढंच आलं, की आजच्यानंतर हा माणूस कधी कुठला दगड बघायला मागणार नाही. बघू दे. म्हणून म्हटलं, "अर्धा तास."

खरोशाला डोंगर लालसर, भुसभुशीत दगडाचा. त्यातच लेणी खोदलेली. पायऱ्या चढताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. आत गारवा होता, वटवाघळांचा वास होता आणि भिंतीवर मूर्ती. पण शेकडो वर्षांत दगड इतका झिजलाय, की नाक-डोळे कुणालाच उरलेले नाहीत. अण्णांचं त्यावाचून अडत नाही. "हा रावण. कैलास हलवून राहिला. अन् ह्यो वरी महादेव, अंगठ्यानं दाबून राहिला." मी पाहिलं. मला एक मोठा फुगवटा आणि त्याच्यावर लहान फुगवटे दिसले. मी म्हटलं, "हाव, दिसला." घड्याळ बघितलं, अकरा पन्नास.

माय बाहेर पायरीवर बसून रामलिंगला लाटेची गोष्ट दहाव्यांदा सांगत होती. "अन् धोतराचा सोगा निगाला सुमद्राला, तुझे अण्णा त्येच्या मागं!" रामलिंग गॉगलमागून म्हणाला, "हाव मावशी." त्याचा आवाज फाटला, पण माय आपल्याच नादात होती. तिनं माझ्या दंडावर चापट मारली आणि खदखदून हसली. मीही हसले. आवाज काढून, चांगली जोरात हसले. न हसते तर तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं.

गाडी सुरू केली तसा रामलिंगचा फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. "रामलिंग, लाकडं कमी पडू—" एवढं आख्ख्या गाडीत ऐकू आलं आणि त्यानं झडप घालून कट केला.

"कसली लाकडं रे?" अण्णांनी विचारलं.

"घराच्या कामाची, अण्णा. चौकटीची."

"सागवानच घे," अण्णा म्हणाले, आणि किनवटचं सागवान कसं असतं यावर निलंग्यापर्यंत बोलत राहिले.

निलंग्यात मी जेवायला थांबवलं. माय म्हणाली, "घरीच खाऊ की, ज्ञानेश्वरीनं सैपाक केला असंल." ज्ञानेश्वरी म्हणजे माझी भावजय. मी म्हटलं, अण्णांची बीपीची गोळी उपाशीपोटी चालत नाही. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण हे, की त्या घरात आज चूल पेटणार नव्हती, आणि एकदा कळल्यावर ही दोघं किती दिवस घास घेणार नाहीत कुणास ठाऊक. मेलेल्यासाठी काही करता येत नव्हतं, जित्यांच्या पोटात चार घास घालणं जमत होतं. मायनं दीड भाकरी खाल्ली. ठेचा झणझणीत होता, तिनं दोनदा मागून घेतला. मीही खाल्लं. रामलिंग गाडीतच बसून राहिला, पोट बिघडलंय म्हणाला.

उदगीरच्या पुढं अण्णा झोपले. मायनं खिडकीला डोकं टेकलं आणि हळू आवाजात कायबाय गुणगुणत राहिली. मी तिच्या हातावर हात ठेवला. मग मला वाटलं तिला संशय येईल, म्हणून काढून घेतला.

साडेचारला वेस आली. लिंबाच्या झाडाखाली माणसं उभी होती. रामलिंगनं गाडी थांबवली, गॉगल काढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अण्णांना माणसं बघूनच कळलं असावं, कोणाचं ते फक्त कळलं नसावं. मी मायकडं वळले.

"माय, व्यंकटी वारला. सकाळी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली नाही. "सकाळी?" एवढंच म्हणाली. मग आपल्या हातानं दार उघडून उतरली आणि घराकडं चालू लागली. मागून काकांनी अण्णांना धरून आणलं.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मायनं लेकाचं तोंड पाहिलं, हळद-कुंकू पुसलेल्या ज्ञानेश्वरीला पोटाशी धरलं, अण्णांनी पाणी पाजलं. वाटेत कुणाला चक्कर आली नाही, कुणाचं बीपी वाढलं नाही. जो तो मला म्हणत होता, "जया, लई धीराची हायस बाई तू. तू होतीस म्हणून." काकांनी चार लोकांसमोर तेच सांगितलं. मीही मान हलवून घेत होते.

तिसऱ्या दिवशी पुरुष राख सावडून आले. दुपारी माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. या तीन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, दुःखानं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "बस."

बसले.

"रस पिलो तवा ठावं होतं तुला?"

"फोन तिथंच आला."

"लेण्यात?"

"हाव."

"मी हसले तवा?"

"हाव, माय."

"तूबी हसलीस."

मी म्हटलं, "तुला सोसलं नसतं. वाटेत काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर झालं असतं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मी ठेचा दोनदा मागितला, जया. माझं लेकरू इथं वसरीत निजवलं होतं. परक्या बाया त्येच्यापाशी बसून ऊर बडवून राहिल्या होत्या. अन् त्येची माय निलंग्यात बसून ठेचा मागून राहिली होती."

"तुझ्या पोटात काही जावं म्हणून—"

"सहा घंटे होते ते. सारं गाव त्येच्यासाठी रडलं. मी एकलीच हिंडून राहिले होते, हसून राहिले होते. गाडीत बसून का हुईना, मी त्येच्यापाशी असते."

मी म्हटलं, "काकांनी सांगितलं होतं, सांगू नको म्हणून." बोलल्यावर माझीच मला लाज वाटली, पण बोलून गेले होते.

"नरसिंग माझा दीर हाय," माय म्हणाली. "तू लेक हायस."

बाहेर परगावाहून आलेल्या बायकांनी गळा काढलेला ऐकू आला. त्या आत यायच्या होत्या. मायनं पदर डोक्यावर घेतला, चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"तुला रडू आलं तर तिकडं जाऊन रड. माझ्यापाशी रडू नको."

मी कप उचलला आणि उठले. मला रडू आलेलंच नव्हतं. ते मी तिला सांगितलं नाही.