निर्दोष टर्की, निर्दोष यारेत्सी

यारेत्सी ओकाम्पो आणि ते विधेयक, दोघं एकाच वयाची. आईबापांनी लहानपणी कागदपत्रांशिवाय या देशात आणलेल्या मुलांना इथं कायदेशीर राहू द्यावं, एवढंच ते विधेयक म्हणत होतं. तेही संसदेत अगदी तान्हं असताना आणलं गेलं आणि सतरा वर्षं झाली तरी बिचाऱ्याला कायद्याचा दर्जा काही मिळेना. फरक एवढाच, की मधल्या काळात यारेत्सी बीजगणित शिकली, ट्रॉम्बोन वाजवायला शिकली. विधेयक मात्र एका समितीतून उठून दुसऱ्या समितीत बसायला शिकलं, बस्स.

यंदा म्हणे खरंच मतदान होणार होतं आणि आयोवा राज्यातल्या यारेत्सीच्या भागाचे खासदार वेंडेल हॅस्ट्रप यांचं मत अजून ठरलं नव्हतं. मत न ठरणं हीच हॅस्ट्रपसाहेबांची सगळ्यात ठाम भूमिका होती.

एक दिवस त्यांच्या कार्यालयातली ट्रिशा शाळेत आली. तिला फोटोसाठी साहेबांच्या शेजारी उभी करायला एक मुलगी हवी होती.

"वर्गात पहिली येतेस?" तिनं यारेत्सीला विचारलं.

"तिसरी."

"पहिली म्हणू या. चर्चमध्ये जातेस? छान. रडता येतं का गं तुला?"

"कशासाठी?"

"तशी वेळ आली तर."

आता थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे घरोघरी टर्की पक्षी शिजवायच्या सणाआधी हॅस्ट्रपसाहेब दरवर्षी गावातल्या टर्कीच्या कारखान्यात जाऊन एका टर्कीला माफी द्यायचे. तिच्या हजारो बहिणी ताटात जायच्या आणि ही एकटी जन्मभर एका शेतावर मजेत राहायची. कॅमेरे तिथं येणारच होते, कॉफी येणारच होती. मग एका मांडवात दोन लग्नं उरकावीत तसं ट्रिशानं ठरवलं: आधी टर्की, लगेच यारेत्सी.

आणि गंमत बघा, टर्कीला धरायला नेमली कोण, तर यारेत्सीची आई. मारिक्रूझ त्याच कारखान्यात कामाला होती आणि तिच्या हातात पाखरं शांत राहायची. कारखान्याला तिचे हात हवे होते. तिच्या कागदांची चौकशी त्यांनीही कधी केली नव्हती आणि तिनंही विषय काढला नव्हता.

यारेत्सीचं भाषण ट्रिशानंच लिहून दिलं. त्यात एक वाक्य ठळक होतं: 'चूक माझ्या आईची होती, माझा काहीच दोष नव्हता.'

"हे विसरू नकोस हं," ट्रिशा म्हणाली. "साहेबांचं मत याच वाक्यावर आहे. कुणीतरी दोषी दिसल्याशिवाय तू निर्दोष कशी दिसणार?"

"आणि आईचं काय? तिच्यासाठी आहे काही विधेयकात?"

"अगं, किती गोड आहेस तू!" म्हणून ट्रिशा गाडीत बसली.

घरी आईनं सराव घ्यायला सुरुवात केली. तव्यावर तोर्तिया आणि टेबलाशी पोर, दोघींना एकाच वेळी शेकत होती.

"चूक माझ्या आईची..." यारेत्सी पुटपुटली.

"मेलीस का? माझी चूक आहे, जरा ठणकावून सांग!"

"मला नाही म्हणायचं."

"का? मंगळवारी बस चुकली तेव्हा माझी चूक सगळ्या गल्लीला ऐकवलीस. तेव्हा बरा गळा होता!"

"ते वेगळं, आई."

"हे त्याहून सोपं. बोलल्यानं माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत. त्या माणसाचं मत मिळालं तर तू कॉलेजात जाशील."

"आणि तू?"

"मी कामावर जाईन. जाते तशी."

कार्यक्रमाला यारेत्सीला पदवीदानाचा झगा आणि चौकोनी टोपी घातली.

"नोव्हेंबरात कसली पदवी?" तिनं विचारलं.

"फोटोत महिना दिसत नाही," ट्रिशा म्हणाली.

हॉलमध्ये दोन बाजू आल्या होत्या. एकीच्या फलकांवर 'कायदा म्हणजे कायदा', दुसरीच्या फलकांवर 'स्वप्नं बेकायदा नसतात'. तासभर दोघी एकमेकींवर खेकसल्या आणि मध्ये मध्ये एकाच किटलीतली कॉफी प्यायल्या. मग टर्की आली. तिचं नाव ग्रेव्ही, शाळेतल्या मुलांनी मतदान करून ठेवलेलं. तिला बघताच दोन्ही बाजू "अय्या!" म्हणाल्या. त्या दिवशी एकमत झालं ते तेवढंच.

हॅस्ट्रपसाहेबांनी टर्कीवर हात ठेवला. "काय गुन्हा आहे या मुक्या जिवाचा? इथं आणली गेली, एवढाच! या देशाचं मन मोठं आहे. ग्रेव्ही, तुला माफी!"

टाळ्यांचा कडकडाट.

"ताई, जरा खाली वाका," फोटोवाला मारिक्रूझला म्हणाला. "तुमचं डोकं येतंय."

मारिक्रूझ वाकली. टर्कीच्या आड पुरती दिसेनाशी झाली.

मग यारेत्सीला माइकपाशी ढकललं. पहिली दोन वाक्यं तिनं घडाघडा म्हटली. तिसरं आलं. पिसांआडून आईचा एक डोळा दटावत होता: म्हण!

"चूक..." यारेत्सीनं कागदावरून नजर उचलली. "चूक माझी होती."

ट्रिशानं आपल्याकडची भाषणाची प्रत उलटी करून पाहिली.

"मी तीन वर्षांची होते," यारेत्सी म्हणाली, आणि एकदा सुटली ती सुटलीच. "आमच्याकडे कामं बंद पडली होती आणि मला रोज जेवायची वाईट खोड होती. त्यात खोकला. औषध पाहिजे म्हणून भोकाड पसरलं ते मीच. माझ्या आईला कुठंही जायचं नव्हतं. तिचं घर तिथं, तिची आई तिथं. तिला इथं कुणी आणलं? एका लहान मुलीनं! तिचा बिचारीचा काही दोष नाही, खासदारसाहेब. शिक्षा करायची तर मला करा. माफी द्यायची तर तिला द्या."

'कायदा म्हणजे कायदा'वाल्या एका आजोबांनी फलक खाली टेकवला आणि शेजाऱ्याला विचारलं, "मग आता आपण नक्की कुणाला हाकलायचं?"

"साहेब, हे पटलं का तुम्हाला?" एक पत्रकार ओरडला.

"हा फार गंभीर मुद्दा आहे," हॅस्ट्रपसाहेब घाम पुसत म्हणाले, "आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंनी खंबीरपणे उभा आहे."

"पण मग माफी कुणाला?"

"टर्कीला! फक्त टर्कीला दिली आहे!" असं म्हणत साहेब मागच्या दारानं निघालेच.

"त्या एका वाक्यासाठी सगळा खटाटोप होता," ट्रिशा दातओठ खात म्हणाली. "साहेब आता विरोधात मत देतील. झगा काढ."

गाडीत बसल्यावर आईनं गाडी सुरूच केली नाही. किल्ली हातातच.

"गाढव," शेवटी ती म्हणाली.

"हं."

"फुकटात होत होतं."

"तुला फुकटात. मला नाही."

"तुझं कॉलेज घालवलंस."

ते खरं होतं, त्यावर यारेत्सीला विनोद सुचेना. "माहितेय," एवढंच ती म्हणाली.

आईनं नाक ओढलं. बाहेर एक ट्रक येऊन गेला.

"परत सांग ते."

"काय?"

"मला कुणी आणलं ते."

मग यारेत्सीनं सांगितलं, पहिल्यापासून, मीठमसाला लावून. कशी ती तीन वर्षांची दांडगट पोर पुढं चालत होती, आणि कशी बिचाऱ्या आईला करंगळी धरून ओढत ओढत...

"करंगळी नाही, वेणी," आईनं टोकलं. "माझी वेणी मुठीत धरली होतीस. झोपेतसुद्धा सोडली नाहीस. सांगायचं तर नीट सांग."