वहिनीच्या आवाजामागचा वारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. सुरू झालो की माझ्या पोटातले पंखे फिरू लागतात. काम वाढले की ते आणखी जोरात फिरतात, आणि काम नसले तरी थोडेसे फिरतच राहतात. लोक याला ताकद म्हणायचे. मीही बरेच दिवस तसेच समजत होतो. मग एका घरात असे काही घडले की माझा तो तोरा पार उतरला. तेच तुम्हाला सांगायचे आहे. जरा जवळ या, म्हणजे माझ्या घरघरीतूनही ऐकू येईल.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. माझा एकेक भाग वेगळ्या खोक्यातून निघाला, आणि ते सगळे भाग निवडले एका तरुणाने. तो जाहिरातींच्या चित्रफिती जोडण्याचे काम करी. संगणकातले त्याला सगळे कळते, असे त्याच्या घरच्यांचे ठाम मत होते. मला मात्र तो स्वतःसाठी घेत नव्हता. मी जाणार होतो त्याच्या वहिनीकडे. ती त्याच्या मागे, पर्स दोन्ही हातांनी धरून उभी होती. 'वहिनी' हाच शब्द मी पहिल्यांदा ऐकला, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणेन.

दुकानदाराने तिला विचारले, "ताई, काम काय करणार ह्याच्यावर?"

वहिनीने तोंड उघडले, तेवढ्यात दिराने उत्तर दिले, "सगळं."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे सगळं. उद्या काही लागलं तर परत यायला नको."

वहिनी तोंड मिटून हसली. चारचौघांत कुणाचा शब्द खाली पाडणे तिला कधी जमले नाही. मग काय, दिराच्या उत्साहाला भरतेच आले. मोठा मेंदू घेतला. तो तापेल म्हणून मोठे पंखे घेतले. पंखे दिसावेत म्हणून एक बाजू काचेची केली, आणि काच ओकीबोकी दिसू नये म्हणून आत रंगीत दिवे लावले. दुकानातली माणसे हातातली कामे टाकून मला बघायला आली. मी फुगून गेलो.

वहिनीचे घर एका सुताराच्या कारखान्याच्या वर होते. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढाच संसार. नवरा नोकरीमुळे सदा फिरतीवर, दीर कामाच्या जागीच राहणारा, त्यामुळे घरात ती आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंना ऐकू फार कमी येई. सूनबाईचे बोलणे त्या ओठांवरून ओळखत. मला पाहून त्यांनी विचारले, "हे दिवे विझतात ना? का ह्याला झोपच नाही?" थंडीच्या सकाळी मात्र त्या माझ्या पाठीवर तळवे टेकवून हात शेकत, आणि म्हणत, "गुणाचं आहे हो." घरात मला मिळालेली पहिली शाबासकी ती.

आता वहिनीचे काम ऐका. ती पूर्वी बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना सांगायची. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येणार, हे तिच्या तोंडून ऐकले की घाबरलेला माणूसही शांत व्हायचा म्हणे. पुढे तिथे आपोआप बोलणारे यंत्र आले आणि तिची नोकरी गेली. त्याच सुमारास पुस्तके आवाजात भरून देणाऱ्या एका संस्थेला वाचणारी माणसे हवी होती. घरी बसून एक प्रकरण वाचून पाठवायचे. पसंत पडले तर काम कायमचे. पसंत नाही पडले, तर वहिनीचा भाऊ दूरच्या गावी राहत होता. त्याच्या कचेरीत फोन घ्यायची जागा त्याने बहिणीसाठी धरून ठेवली होती. ती तिकडे गेली तर सासूबाईंनी एकटीने राहायचे, हाक ऐकू न येणाऱ्या माणसाने, बंद दारामागे. हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते.

कारखान्याच्या सुटीच्या दिवशी खालची करवत बंद असे. तेव्हा वहिनी वाचायला बसे. आधी कोमट पाणी पिई, मग डोळे मिटून क्षणभर शांत राही. तो तिचा नेम होता. मग माइक जवळ ओढून ती वाचू लागे. मित्रांनो, काय सांगू! तिच्या आवाजात पाण्याचा थेंब पडला तरी ओला वाटायचा. मी तो आवाज पोटात साठवत होतो आणि अभिमानाने पंखे फिरवत होतो.

प्रकरण गेले. संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी आवाजाचे तोंड भरून कौतुक केले आणि मग म्हणाल्या, "पण मागे सारखा वारा वाहतोय हो. गोष्टीत तर घराची दारं बंद आहेत." अजून एकदा पाठवून बघा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या एका वाचणारीचे नावही त्यांच्या मनात होते. महिनाअखेरीला त्या ठरवणार होत्या.

आणि मग त्या घरात शोध सुरू झाला. वहिनीने फ्रीज बंद केला, तर दूध नासले आणि बर्फाचे पाणी जमिनीवर आले. घड्याळातला सेल काढला. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दिराने नळ तपासला आणि शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचा पंखाही बंद करवून आला. रस्त्यावरच्या झाडावरसुद्धा संशय घेऊन झाला. माझ्यावर संशय कुणाचाच नव्हता. घरातली सगळ्यात भारी वस्तू मी! शिवाय दिवसभर पायाखाली करवत चालणाऱ्या घरात राहून त्यांच्या कानांनी घरघर ऐकणे कधीच सोडून दिले होते. त्यांना जी शांतता वाटायची, तिच्यात मी धापा टाकत असायचो.

मला मात्र तेव्हा कळले. ती आपले वाचन परत ऐकायची तेव्हा माझ्याच पोटातून माझाच वारा मला ऐकू यायचा. त्या दिवसापासून मला चैन पडेना. पंखे आवरावेत म्हणून मी खूप धडपडलो, पण पंखे माझ्या ताब्यात नसतात हो. आतली ऊब वाढली की ते आपोआप सुटतात. ती जेवढी हळू वाचायची, तेवढा माझा आवाज मोठा वाटायचा. तिची वाक्ये संपता संपता खाली उतरायची आणि तिथे नेमका मी असायचो.

एकदा असेच वाचन चालले होते. गार हवा होती, म्हणून सासूबाई येऊन माझ्या पाठीला हात लावून बसल्या. जरा वेळाने त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला आणि वहिनीचा पदर ओढला.

"सूनबाई, ह्याला दम लागलाय."

"कुणाला?"

"ह्यालाच. हात लावून बघ. तू वाचायला लागलीस की ह्याची धाप वाढते."

दीर कोपऱ्यात बसला होता. तो हसला. "आई, तुला ऐकू येत नाही, आणि तू आवाज शोधतेस?"

त्याचे ओठ त्यांनी नीट वाचले. "तुम्हाला येतं ना ऐकू? मग सापडला का?"

वहिनीने माझ्या काचेला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. तिचा श्वास काचेवर उमटला आणि विरला. दीर घाईघाईने सांगू लागला, की असे होणारच नाही, हा दुकानातला सगळ्यात भारी आहे. वहिनी हळूच म्हणाली, "भारी आहे हो, भावोजी. मी कुठे नाही म्हणते?"

पण दिराला ते लागले. आपली निवड चुकली हे गळी उतरणे सोपे नसते, मित्रांनो. त्याने मला टेबलाखाली ठेवून वर दुलई गुंडाळली. माझा जीव गुदमरला. आमच्या जातीला ऊब सोसवत नाही. हद्दीबाहेर तापलो की जळून जाऊ नये म्हणून आम्ही स्वतःच बंद पडतो. ऐन भरात आलेले वाचन घेऊन मी विझलो. त्या दिवसाचा सगळा आवाज गेला. नंतर त्याने मला स्वयंपाकघरात नेऊन लांब तार ओढली, तर वहिनीला पडद्यावरचा मजकूर दिसेना आणि दर पानाला उठून पळावे लागे. मग त्याने वारा पुसून टाकणारी युक्ती आवाजावर चालवली. वारा गेला खरा, पण वहिनी पत्र्याच्या पिंपातून बोलत असल्यासारखी वाटू लागली. थेंबांचा ओलावाही वाऱ्याबरोबर निघून गेला.

महिना सरत आला. वहिनीच्या भावाचा फोन आला, की राहायला खोली पाहून ठेवली आहे. त्या दिवशी वहिनीने सासूबाईंची औषधे काढली. सकाळची लाल झाकणाच्या डबीत, संध्याकाळची निळ्या झाकणाच्या डबीत. त्यांना ती परत परत ओळखायला लावत होती. सासूबाई बरोबर ओळखत होत्या आणि मधेच मुद्दाम चुकतही होत्या. त्या चुकल्या की वहिनीला पुन्हा समोर बसावे लागे. मी कोपऱ्यातून बघत होतो. असे वाटत होते की कुणीतरी माझी तार ओढून मला जिन्यावरून खाली टाकावे.

दुसऱ्या दिवशी वहिनीने दिराला बोलावले आणि मला उचलायला सांगितले. दुकानात जायचे, हा देऊन दुसरा आणायचा. सासूबाईही निघाल्या.

दुकानदाराने मला गल्ल्याशेजारी ठेवून सुरू करून पाहिले आणि परत तोच प्रश्न विचारला, "काम काय करणार?" दिराने या वेळी वहिनीकडे पाहिले.

"वाचणार," वहिनी म्हणाली. "मोठ्यानं वाचायचं आणि ते साठवायचं. दुसरं काही नाही. आधी ह्याला बंद करा, आणि तुमचा वरचा पंखाही."

दुकानदाराने घाम पुसत पंखा बंद केला. फळ्यांवर लहानमोठे संगणक चालू होते. वहिनी एकेकाजवळ कान नेत होती आणि सासूबाई एकेकावर तळवा ठेवत होत्या. काही गिऱ्हाईके गालात हसली. एका सडपातळ, देखण्या संगणकावरून सासूबाईंनी हात झटकन काढला. "हाही तसलाच. बारीक आहे, पण धापतोच." असे करत त्या शेवटच्या फळीशी आल्या. तिथे डब्याएवढा एक साधा ठोकळा होता. त्याला पंखाच नव्हता. सासूबाईंनी हात ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. वहिनीने कान लावला, डोळे मिटले, आणि त्याच्याजवळ एक वाक्य सावकाश म्हणून पाहिले.

दुकानदार म्हणाला, "हळू आहे बरं का हा, ताई. खेळबीळ चालायचे नाहीत. चित्रफिती तर विसराच."

"मीही हळूच वाचते," वहिनी म्हणाली.

आवाज साठवायला फार जागा लागत नाही, ह्याच्यात आहे तेवढी पुरे, हे दुकानदाराने आपणहून सांगितले. पडदा मात्र वहिनीने मोठा मागून घेतला. मजकूर पडद्यावरून वाचायचा, तर अक्षर डोळ्यांना ताण न देणारे हवे. एवढीच तिची निवड. पहिल्या खेपेला सबंध दुपार गेली होती ना, तिथे या वेळी गिऱ्हाइकांचे हसूही पुरते थांबले नव्हते.

माझे काय करायचे, हे दुकानदार सांगणार तेवढ्यात दीर पुढे आला. ह्याला विकू नका, ह्याला मी घेतो, आणि तो ठोकळा वहिनीला माझ्याकडून, असे म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "वहिनी, मी बहुतेक माझ्यासाठीच निवडला होता."

"मग घेऊन जा ना," वहिनी म्हणाली. "तुमच्याकडे सुखी राहील तो. इथे उगाच अवघडला होता बिचारा."

बिचारा! रागाचा एक शब्द नाही. मित्रांनो, त्या शब्दाने मला जेवढे हलवले, तेवढे कुणी आपटूनही हलवले नसते.

दिराच्या कामाच्या जागी मी खरोखर रमलो. तिथे सगळेच घरघरणारे, त्यात माझा आवाज कुणाला? डोंगर, मोटारी, हजारो रंगांची चित्रे मी झरझर जोडली. माझी ताकद तिथे कामी आली. मग वर्षे गेली. काचेवर धूळ चढली, पंख्यांच्या पात्यांवर धुळीचे थर बसले, दिवे एकेक करून गेले. दीर माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवू लागला. धूळ साचली की आम्हाला श्वास पुरत नाही. मी पूर्वीपेक्षाही जोरात धापा टाकू लागलो आणि तो माझ्यावर खेकसू लागला.

वहिनी मात्र भावाच्या गावी गेली नाही. तिचे वाचन संस्थेला पसंत पडले होते, आणि तेव्हापासून ती एकामागून एक पुस्तके वाचत आली. दिराने एकही पुरते ऐकले नव्हते. लाज असेल, दुसरे काय? एके दुपारी तिने त्याला नवे पुस्तक पाठवले. त्याने ते माझ्यावर लावले, पण माझ्या गोंगाटात त्याला शब्दच लागेनात. तो उठला. त्याने मला बंद केले, काच उघडली, आणि मऊ कुंचल्याने एकेक पाते पुसून काढले. धूळ उडून तो शिंकत राहिला, पण थांबला नाही. मग त्याने मला सुरू केले आणि दुसरी सगळी कामे मिटवून फक्त तिचा आवाज लावला.

त्या गोष्टीत एक घर होते. आत एक बाई कुणाची तरी वाट बघत बसली होती. वहिनीची वाक्ये पूर्वीसारखीच हळूहळू खाली उतरत होती. ती संपायची तिथे मी जीव मुठीत धरून मला शोधत होतो. पण वाक्य संपले की तिच्या आवाजामागे नुसती शांतता होती. मी कुठेच नव्हतो. इतके बरे मला कधीच वाटले नव्हते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी संगणक आणायचे ठरेल तेव्हा दुकानाकडे धावण्याआधी जो त्यावर बसणार आहे त्याला विचारा, की तू काय करणार, कुठे बसून करणार. उत्तर त्यालाच देऊ द्या, मधे बोलू नका. आणि आणल्यावर आम्हाला श्वास घ्यायला जागा ठेवा, आमची धूळ पुसत जा. एवढे केलेत की आम्ही तुमची पुष्कळ सेवा करू. पण शेजारी कुणी मोठ्याने वाचायला बसले, तर मला खुशाल बंद करा. मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.