पितराचा आंबा

"पितर पानावरनं उठला! अरं देवा, भरल्या पानावरनं उठला!"

लक्ष्मीबाईंच्या या बोंबेसरशी नळदुर्गातली ती गल्ली त्यांच्या लेकाच्या, बिभीषणच्या दारात गोळा झाली. अक्षय्य तृतीयेचा दिवस. बिभीषणच्या मेलेल्या बापाच्या नावानं शेजारचा गोरोबा दर साली जेवायला बसायचा. वर्षाचा पहिला आंबा त्यानं चोखायचा, मग घरानं. आज त्यानं देठाकडनं आंबा तोंडाला लावला आणि घटकाभरात पोट धरून आडवा झाला. ओठ सोलले, ओकाऱ्या थांबेनात. बिभीषणनं त्याला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं.

"ह्या अवदसेनं सैपाकात इटाळ कालवला, म्हणून मालक कोपले!" लक्ष्मीबाई सुनेवर कडाडल्या. "आजच्या आज माहेरी घालवते हिला!"

गर्दीत कुलसुमबी बागवानीण उभी होती. आंबा तिचा होता.

तीस वर्षं ती अढी घालत आली होती. गवतात आंबे दडपायचे, रोज हात घालून वास घ्यायचा, घाई करायची नाही. पण औंदा सण आला तरी आंबा पिकेना. तिच्या लेकानं, आयुबनं, वरातीच्या दिव्यांत जळतो तो कारबाईट आणून अढीत घातला. "अम्मा, दोन दिसांत पिवळेधम्मक! फकस्त गिऱ्हाइकाला सांग, पाण्यात घालू नका. भुकटी फसफसती, वास सुटतो."

आंबे खाण्याआधी पाण्यात घालायची साऱ्या मुलखाची रीत. आणि कुलसुमबीनं सकाळीच या सुनेला, गिरिजाबाईला बजावलं होतं, "पाणी लावू नगंस बाई, काळे पडतात." पोरीनं ऐकलं. या अल्ला, ऐकलं की हो!

गप्प बसली तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. बोलली तर धंदा बुडाला, तीस वर्षांचं नाव बुडालं. तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी सुनेचं बोचकं अंगणात भिरकावलं. पोर कुलसुमबीपुढं येऊन रडायला लागली. "मावशी, तुमी तरी सांगा. म्या न्हाऊनच सैपाक केला वो!"

कुलसुमबीला राहवलं नाही.

"तिला बोल लावू नका, लक्ष्मीबाई. आंब्यावर इख होतं. कारबाईट. माझ्याच घरात लावलं, अन् पाणी लावू नगं म्हणून म्याच सांगितलं. कुणीतरी पळा रं, डागदरला कारबाईट म्हणून सांगा! इलाज तरी नीट व्हईल."

गल्लीतनं मग शिव्यांची लाखोली सुरू झाली.

"कुलसुम, तुझ्या हातचं डोळं झाकून खाल्लं गं आमी," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

कुलसुमबीनं त्या घरच्या पाटीतले उरलेले आंबे पदरात भरले आणि ती पुढच्या दाराकडं धावली. सकाळपासून चाळीस घरांत तिचा माल गेला होता आणि घरोघर पानं मांडायची वेळ झाली होती.

"आंबे परत द्या, बायांनो! माझा आंबा कुणी तोंडाला लावू नका!"

बाजारात माल विकून कमावलेला तो खणखणीत आवाज भर दुपारी वेशीपर्यंत ऐकू गेला.