गुलाबी पाणी

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे बायका, त्यांच्यामागे सासवा आणि सर्वांत मागे पिशव्या सांभाळत उभे असलेले नवरे. सगळ्यांचे डोळे पडद्याकडे. पडद्याआड गर्भज्ञानी बाबा बसले होते. बाई आत गेली की तिच्या हातात काचेचा पेला द्यायचा, त्यात सुरईतलं पाणी ओतायचं आणि डोळे मिटून गुरगुरायचं, "जळा रे जळा, सांग कुणाचा लळा!" पोटात जीव असेल तर पाणी गुलाबी, नसेल तर जसंच्या तसं, आणि बाई तो पेला सगळ्यांना दाखवत बाहेर यायची.

"काय तो महिमा!" कुणीतरी गहिवरून म्हणालं.

महिमा कसला डोंबलाचा, रांगेतली मास्तरीण मनात म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि इथे काही हौसेने आली नव्हती. घरी तिची भावजय अंथरुणाला खिळली होती. दुसरा महिना. अन्नाचा वास आला की उलटी, पाणी प्यायलं की उलटी. त्यात बाबांनी बजावलेलं: तीन महिने घोटभरच पाणी, औषध नाही, डॉक्टर नाही. "जास्त पाण्यात गर्भ विरघळतो!" गर्भ म्हणजे काय साखरेचा खडा? काल पोरीचे ओठ फुटले होते, लघवी जवळजवळ बंद झाली होती, उभं राहिलं की चक्कर. दवाखान्याचं नाव काढताच तिने हात जोडले. "नको हो वन्सं. मागच्या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही म्हणून दुसऱ्याच महिन्यात पोटातलं गेलं." ती रडत होती आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

आई मात्र बाबांचीच री ओढत होती. "आधी डोळ्यांनी बघ, मग बोल," असं म्हणत तीच लेकीला इथे घेऊन आली होती.

रांगेत एक चष्मेवाली फिरत होती. आवाजात नुसता मध. "उभं राहून त्रास नाही ना होत? मळमळतं का? वास सहन होतात?" मग पडद्याशी जाऊन ती एकेकीला आत बोलवायची. एका कोवळ्या पोरीला म्हणाली, "या बाई." पाणी जसंच्या तसं. मागोमाग केस पिकायला लागलेली एक आली, तिला म्हणाली, "या ताई." गुलाबी!

कोवळी पोर बाई आणि ही ताई? मास्तरणीने कान टवकारले. पुढचीला ताई, गुलाबी. तिच्या पुढचीला बाई, पाणी पुन्हा जसंच्या तसं.

अस्सं होय! मास्तरणीने नाकाला रुमाल लावला. "अगं बाई, या टायरच्या वासाने ढवळतंय हो. सकाळपासून नुसती मळमळ."

"या ताई, या!" चष्मेवाली हरखली. आई बघतच राहिली.

बाबांच्या दोन्ही बाजूंना पेल्यांची तबकं होती. त्यांनी डावीकडच्या तबकातला पेला दिला, पाणी ओतलं, जळाला साद घातली. पाणी गुलाबी. "कन्ये, तुझी कूस उजवली!"

मास्तरणीने फर्रकन पडदा ओढला. "आई, ऐकलंस? माझी कूस उजवली! माझी गर्भपिशवी काढली तेव्हा उशाशी तूच बसली होतीस ना?"

बाबा चाचरले, "ही... ही सूक्ष्म गर्भधारणा आहे."

"असं? मग आणखी कुणाला होते बघू. अहो पिशवीवाले भाऊ, या इकडे." डावीकडचाच एक पेला तिने त्या बापड्याच्या हातात दिला आणि सुरई उपडी केली. गुलाबी!

"अहो, हे कधी झालं?" त्याची बायको किंचाळली आणि हॉल हसून फुटला.

"सुरईत फिनॉल्फ्थॅलिन आहे," मास्तरीण म्हणाली. "सोडा लागला की ते गुलाबी होतं, माझी शाळेतली पोरंसुद्धा करून दाखवतील. डावीकडच्या पेल्यांना आतून सोडा लावून वाळवलाय, उजवीकडचे कोरे. ताई म्हटलं की डावीकडचा, बाई म्हटलं की उजवीकडचा!"

"पण माझं तर खरं निघालं होतं," एक बाई म्हणाली.

"निघणारच. पाळी चुकलीय, मळमळतंय, थकवा येतो, छाती दुखते, सारखं लघवीला लागतं, हे तुम्हीच त्या चष्मेवालीला सांगणार आणि वर थक्क होणार! औषधाच्या दुकानात तपासणीची पट्टी मिळते. ती वापरा आणि डॉक्टर गाठा."

बाबा मागच्या दाराकडे सरकत होते. नवऱ्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि दार अडवलं.

घरी येताच आई सुनेजवळ बसली. "ऊठ बाळा, दवाखान्यात जायचंय."

"पण बाबा..."

"मेल्याने एका बाप्याला दिवस गेलेत म्हणून सांगितलं गं!"

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीण म्हणाली, "थोडी मळमळ, उलटी बहुतेकींना होते. पण पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली, चक्कर आली, रक्त गेलं किंवा पोटात जोराची कळ आली, तर घरी थांबायचं नाही."

"आणि मागचं?" भावजयीने हळूच विचारलं. "माझ्यामुळे गेलं?"

"नाही. इतक्या लवकर गर्भ पडतो तेव्हा बहुतेकदा त्याची घडणच मुळात बिघडलेली असते. त्यात तुझा काहीएक दोष नाही."

तेव्हा पोर रडली आणि या वेळी डोळ्यांतून खरंच पाणी आलं. भामट्यांचा राग मास्तरणीला होताच. पण या पोरीला इतके दिवस स्वतःला दोषी समजत झुरायला लावलं, याचा जास्त आला. बायांनो, पोटातल्या जिवाची काळजी असेल तर प्रश्न विचारा, आणि ज्याला उत्तर तपासून दाखवता येतं त्यालाच विचारा.

डॉक्टरणीने परवानगी दिल्यावर सासूने पेला सुनेच्या ओठांशी धरला.

"हळूहळू पी," ती म्हणाली. "नुसतं पाणी आहे गं. त्याला काही कळत नाही."