आठवी नळी

दीपमालाने दुसऱ्यांदा सुई बाहेर काढली. नळीत रक्ताचा थेंबही आला नव्हता.

आठवं पिल्लू तिच्या मांडीवर मुठीएवढं होऊन पडलं होतं. आधीची सात रक्त देऊन मोकळी झाली होती आणि डुकरिणीच्या पोटाशी ढुशा देत होती. विण्याच्या आगेमागे आईच्या रक्तातले हार्मोन आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी कशा बदलतात, हा दीपमालाच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी पिल्लांचंही रक्त हवं होतं, तेही चीक तोंडाला लागायच्या आत. पोटातून पिल्लू कोरंच येतं. रोगाशी लढायची शिदोरी त्याला पहिल्या चिकातूनच मिळते. हे तिनेच लिहिलं होतं, आणि तीच अर्धा तास त्याला चिकापासून अडवून बसली होती.

"थंडं पडून राह्यलं ते," शेड सांभाळणारी तानाबाई म्हणाली. "अजून किती डाव टोचता, म्याडम?"

"एकच डाव, मावशी."

तिने शीर चाचपायला बोट नेलं, तर पिल्लाने तेच तोंडात धरलं आणि चोखू लागलं. दीपमालाला स्वतःची लाज वाटली. सुई ठेवून तिने त्याला आईच्या सडाशी लावलं.

तेवढ्यात प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला.

"आठही नमुने झाले?"

"सात, सर." रक्त मिळालं नाही म्हटलं, तर सर पुन्हा टोचायला लावणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. "आठवं मेलं."

तानाबाईने कानशिलावर बोटं मोडली.

"जित्याले मेलं म्हटलं तं आयुष्य वाढते म्हणतात," ती पुटपुटली.

"मग बर्फात घालून घेऊन ये," सर म्हणाले. "चीक न प्यायलेलं आहे, उघडून तरी पाहू. संध्याकाळपर्यंत चिखलीच्या प्रयोगशाळेत पोचव."

दीपमालाने बर्फाच्या पेटीकडे पाहिलं. सात नळ्यांशेजारी बरीच जागा होती.

"सर, मी खोटं बोलले. जिवंत आहे ते. चीक पितंय."

पलीकडून फोन बंद झाला.

"पिऊन कुठी राह्यलं?" तानाबाई हळूच म्हणाली.

पिल्लाच्या तोंडातून सड निसटला होता. दीपमालाने दांडग्या पिल्लाला बाजूला सारलं, सड दाबून आठव्याच्या ओठांवर चीक पाडला आणि त्याच्या गळ्याला बोट लावून घोट उतरतो का पाहत बसली.

"पी बे," सुलतानपूरच्या घरच्या बोलीत ती म्हणाली. "येवढं तरी खरं कर."