पाठमोरी

रिपेकाच्या घराण्याच्या खडकाळ बेटाचं नाव पाठमोरी. म्हणे मूळची आजी नवऱ्यावर रुसली, भर समुद्रात जाऊन पाठ फिरवून बसली ती बसलीच, तिचंच हे बेट झालं. तेव्हापासून घरातली बाई जरा गप्प झाली की पुरुषांच्या तोंडी एकच: झाली का पाठमोरी?

दक्षिणेकडच्या या बेटांवर कायदा सोपा. तुमची चूल पेटती, तर बिळातली तीती पाखरं खायला धरायचा हक्क तुमचा. चूल थंड, तर हक्कही थंड. रिपेकाची आई गेल्यापासून पाठमोरीवर कुणी उतरलं नव्हतं, आणि चुलतभाऊ पाओरा गावभर सांगत सुटला होता की तिथली राख कधीच गार झाली, बेट आता त्याच्या लेकरांना मिळावं. बैठकीत ठरलं, या हंगामात रिपेकानं तिथं चूल पेटवावी, नाहीतर गप्प बसावं. साक्षीला पाओरानं जावं. गप्प बसणं रिपेकाला जन्मात जमलं नव्हतं.

मोठी बोट लांब उभी राहिली. पुढं वल्ह्यांची छोटी होडी. मधे वल्ही मारायला भाचा रेवेती, तोंडाशी रिपेका, मागं पाओरा. रेवेतीनं दोनदा होडी सरळ खडकाकडं नेली. दोन्ही वेळा मागून लाट आली आणि होडी आडवी करून गेली. तिघं भिजली.

पाओरा मायेनं म्हणाला, "ताई, जाऊ या परत. आजी तुझ्यावरही रुसलीय."

रिपेका खडकाकडं बघत राहिली. कुठल्याही बाजूनं तो बाईच्या पाठीसारखा दिसेना. लहानपणी ती आईच्या मांडीवर बसून इथं आली होती, याच जागी, होडीच्या तोंडाशी. पण उतरतानाचा खडक काही आठवेना. आठवत होत्या त्या समोरून अंगावर येणाऱ्या लाटा.

"रेवेती, होडी फिरव. तोंड समुद्राकडं, पाठ बेटाकडं."

"उलटं, आत्या?"

"आजीला काय रुसण्याखेरीज कामं नव्हती? पाठमोरी ती नव्हे रे, होडी."

आता लाटा तोंडावर फुटू लागल्या आणि होडी मागं मागं सरकत कपारीला टेकली. पण आता खडकाशी होता तो मागं बसलेला पाओरा. एक पाऊल टाकलं असतं तर पहिला तोच उतरला असता, आणि चूलही त्याचीच पेटली असती. त्यानं पाय उचललाही. मग खाली ठेवला, दोन्ही हातांनी कपार धरली आणि गुडघा पुढं केला. रिपेकानं त्यावर पाय दिला, गरजेपेक्षा जरा जास्तच जोर देऊन.

"वजन वाढलंय, ताई."

"हक्काचं आहे."

वर लाकडं ओली होती. काडी तिनंच ओढली. जाळ धरेना, नुसता धूर. पाओरा न सांगता ओणवा झाला आणि फुंकू लागला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडू नको," रिपेका म्हणाली. "चार पाखरं देईन."