बदललेलं नाव

नियम मोडणारा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. सन अठ्ठावन्न साली मी तालुक्याच्या सबजेलात कारकून होतो, तेव्हा दारूबंदीच्या कैद्यांचा अभ्यास करायला मुंबईहून एक बाई आल्या. त्यांच्या परवानगीच्या कागदातली कलमं मी त्यांनाच वाचून दाखवली. कैदी स्वखुशीने बोलला पाहिजे. त्याला आमिष दाखवायचं नाही, विडीचंसुद्धा. मुलाखत जेलच्या माणसाने ऐकायची नाही. आणि कैद्याचं खरं नाव कुणालाही सांगायचं नाही. जेलच्या माणसाने सांगितलं तर त्याची नोकरी गेली.

दारूचा कैदी आमच्याकडे एकच. बाबली, माझ्याच कट्टा गावचा. काजूची दारू गाळून तीन महिने आत आलेला. कलमं मी त्यालाही वाचून दाखवली.

"माका नाव बदलून गावतला काय?" त्याने विचारलं.

"हो, तुम्हीच निवडा," बाई म्हणाल्या. मी कलमाप्रमाणे बाहेर गेलो आणि दार स्वतः ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी आचऱ्याच्या आनंदीशी माझं लग्न ठरलं. आठ दिवसांत तिचे वडील भाई माझ्या घरी आले. मुंबईच्या पुतण्याने धाडलेलं त्या बाईंचं पुस्तक त्यांनी उघडून धरलं. 'कट्ट्याचा गुरुदास. काजूची दारू गाळतो. पहिला घोट स्वतः घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही.'

गुरुदास म्हणजे मी.

"जेलात आसतंय म्हणान तुमीच सांगलास," भाई म्हणाले. "गजांच्या खंयच्या बाजूक, ता सांगूक नाय."

"तो मी नव्हे."

"मगे कोण तो?"

"सांगता येत नाही."

"आयतारपर्यंत सांगा. नायतर सोयरीक मोडली."

आनंदी मला फार आवडली होती, उगाच लपवत नाही. पण कलम माझं तोंड बांधत होतं, बाबलीचं नाही. मी विड्यांचं बंडल घेऊन त्याच्या घरी गेलो. तो अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. त्याने बंडलाकडे पाहिलं.

"सायबानू, ह्यां आमिष झाला."

मी बंडल खिशात घातलं. "माझंच नाव का दिलंस रे?"

"बाई म्हणाली, कोणाक संशय येवचो नाय असा नाव सांग. तसो अख्ख्या तालुक्यात माका एकच माणूस गावलो."

आता यावर रागवायचं कसं?

रविवारी तो स्वखुशीने आचऱ्याला आला. भाईंच्या घरापुढच्या खळ्यात उभा राहून म्हणाला, "पुस्तकातलो गुरुदास तो मी." नाव का घेतलं तेही त्याने सांगितलं. दाराआड आनंदी हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

भाई मात्र गंभीर. बाबलीला जवळ बोलावून त्यांनी हळूच विचारलं, "पयलो घोट स्वता घेतस, ता खरा?"

लग्नाच्या दिवशी मागच्या पडवीत भाई आणि बाबली एका तांब्याभोवती बसलेले दिसले. दोघेही स्वखुशीने बोलत होते. जेलच्या माणसाने ऐकायचं नव्हतं. मी दार स्वतः ओढून घेतलं.